रंगाआधी गाव विचारा

मारिनुस बोसेमान हे नेदरलँड्समधल्या लायडन शहरातल्या निसर्गेतिहास संग्रहालयाचे मत्स्यतज्ज्ञ. १९५४-५५ साली ते न्यू गिनी बेटाच्या पश्चिम टोकाला गेले. तो मुलूख तेव्हा डचांच्या ताब्यात होता. डोंगराळ भागातल्या आयामारू तलावांतून त्यांनी काही मासे धरले, रिवाजाप्रमाणे बरण्यांत भरले आणि मायदेशी आणले. बरणीत माशाचा आकार टिकतो, खवले आणि काटे मोजता येतात. रंग मात्र उडून जातो. पांढुरके पडलेले ते मासे पंचवीसेक वर्षं संग्रहालयात तसेच राहिले. १९८० साली जेराल्ड ॲलन आणि नॉर्बर्ट क्रॉस यांनी त्यांचं वर्णन नवी जात म्हणून प्रसिद्ध केलं आणि गोळा करणाऱ्याच्या नावावरून तिला नाव दिलं : मेलानोटेनिया बोसेमानी. पुढच्या काही वर्षांत जिवंत मासे युरोपात पोहोचले, तेव्हा कुठे या माशाचं खरं रूप शौकिनांना कळलं. डोक्यापासून निम्म्या अंगापर्यंत पोलादी निळा-जांभळा आणि तिथून शेपटीपर्यंत पेटता नारिंगी.

आज हा मासा मुंबई-पुण्यातल्या कुठल्याही बऱ्यापैकी दुकानात मिळतो. पण दुकानातल्या टाकीत तो जवळजवळ त्या बरणीतल्यासारखाच दिसतो : दीड-दोन इंचांचा, करडा-रुपेरी, अंगावर जेमतेम पिवळसर झाक. क्रॉफर्ड मार्केट असो की कुर्ला, रविवारच्या गर्दीत त्याच्यासमोर होणारं संभाषण ठरलेलं असतं. ‘‘दादा, हा पांढरा कुठला?’’ ‘‘रेनबो आहे साहेब. मोठा झाला की कलर येतो.’’ ‘‘मग मोठा का नाही ठेवत?’’ यावर दुकानदार हसतो आणि गिऱ्हाईक शेजारच्या लालभडक फ्लॉवरहॉर्नकडे वळतं. कुणीतरी वास्तूसाठी म्हणून तो घरी नेतोही.

दुकानदार खोटं बोलत नसतो. रेनबोचा रंग खरंच वयाबरोबर चढतो. त्याला वर्ष तरी लागतं, काही जातींना त्याहून जास्त. मग पिल्लू पाहून निवड करायची कशी? रंगावरून नाहीच. रेनबो निवडताना विचारायचं ते त्याचं गाव. तो कुठल्या तलावातला, कुठल्या नदीतला, हे कळलं की त्याला कसलं पाणी लागेल, किती जागा लागेल आणि कुणाशेजारी त्याला ठेवू नये, या प्रश्नांची निम्मी उत्तरं हाती येतात. उरलेली निम्मी आपल्या नळाला येणाऱ्या पाण्यात असतात.

समुद्रातून आलेलं कूळ

खरे रेनबो, म्हणजे मेलानोटेनिडी कुळातले मासे, फक्त ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी आणि लगतच्या काही बेटांवर सापडतात. शास्त्राला ठाऊक असलेल्या त्यांच्या जाती शंभरीच्या आसपास आहेत आणि पापुआच्या दुर्गम ओढ्यांतून अजून नव्या निघतच आहेत. मादागास्कर आणि सुलावेसीतल्या काही माशांनाही बाजारात रेनबो म्हणतात. ते लांबचे नातलग.

आपल्या ओढ्यानाल्यांत झुंडीनं फिरणारे बारके मासे पाहिले तर त्यांतले बहुतेक रोहू-कटल्याच्या, म्हणजे कार्प कुळातले निघतात. आशियातल्या नद्या या कुळानं भरून टाकल्या, पण मधला खोल समुद्र ओलांडून ते ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीपर्यंत कधी पोहोचलं नाही. तिथल्या गोड्या पाण्यातली ही मोकळी जागा समुद्री पूर्वज असलेल्या माशांनी घेतली. रेनबो त्यांच्यापैकीच. पाठीवरचे दोन सुटे पर आणि किंचित वर वळलेलं तोंड ही त्या समुद्री घराण्याची खूण. पाण्यावर पडणारे किडे, मुंग्या, डासांच्या अळ्या आणि जोडीला थोडं शेवाळ हे त्यांचं अन्न.

हिमयुगात समुद्राची पातळी खाली होती, तेव्हा ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी हा सलग भूभाग होता. मधली टोरेस सामुद्रधुनी पाण्याखाली गेली ती गेल्या आठ-दहा हजार वर्षांत. म्हणूनच इरिआथेरिना वर्नेरी हा धाग्यासारख्या लांब परांचा चिमुकला रेनबो सामुद्रधुनीच्या दोन्ही बाजूंना सापडतो. पण ही झाली सपाटीवरच्या नद्यांची गोष्ट. डोंगरांतल्या तलावांत अडकलेल्या माशांना जायला वाट नव्हती. ते तिथेच वेगळे होत गेले. बोसेमानी आयामारूचा आणि त्याच्या आसपासच्या पाण्याचा. लाल रेनबो, म्हणजे ग्लोसोलेपिस इन्सिसस, जयापुरा शहराजवळच्या सेंतानी तलावाचा. निळाशार मेलानोटेनिया लॅकुस्ट्रिस पापुआ न्यू गिनीच्या दक्षिण पठारावरच्या कुटुबू तलावाचा. हा तलाव समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे आणि १९९८ पासून जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. एका जातीचं जग म्हणजे एक तलाव, फार तर त्याला मिळणारे चार ओढे. आपण काचेच्या टाकीत जो मासा सोडतो, त्याचा मूळ पत्ता इतका नेमका असतो.

पाणी कुठलं, मासा कुठला

आयामारूचा प्रदेश चुनखडीचा आहे. त्या दगडातून झिरपून आलेलं पाणी क्षारयुक्त, म्हणजे आपल्या बोलीत जड असतं. सामू सातच्या वर. बोसेमानीची घडण या पाण्यात झाली. आपल्याकडे मराठवाड्यात, विदर्भात, पुण्याच्या नव्या उपनगरांत बोअरचं पाणी वापरणारी माणसं सांगतात की आमच्या पाण्यात मासे टिकत नाहीत. ॲमेझॉनचे निऑन टेट्रा आणि डिस्कस आणले तर टिकत नाहीत, हे खरंच. ते मऊ, आम्लधर्मी पाण्याचे मासे. बादलीला पांढरा थर धरणाऱ्या पाण्यात बोसेमानी, लाल रेनबो आणि लॅकुस्ट्रिस मात्र आनंदानं राहतात. ज्या पाण्याला आपण नावं ठेवतो ते त्यांना मानवतं.

मुंबईची गोष्ट उलटी. तानसा, भातसा, वैतरणा या सह्याद्रीच्या कुशीतल्या जलाशयांचं पाणी मऊ असतं. पुण्यात खडकवासल्याचंही तसंच. अशा पाण्यात बोसेमानी जगत नाही असं नाही. तो सोशिक आहे. पण मऊ पाण्यात सामू अचानक घसरण्याचा धोका असतो. त्यावर साधा उपाय म्हणजे प्रवाळाचा किंवा शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत बांधून फिल्टरमध्ये ठेवणं. तो हळूहळू विरघळतो आणि पाणी सावरून धरतो. मऊ पाणी असलेल्यांना दुसरा मार्गही आहे : त्या पाण्यात आपसूक रमणारी जात घ्यायची. ‘नियॉन ड्वार्फ रेनबो’ म्हणून विकला जाणारा मेलानोटेनिया प्रेकॉक्स हा पापुआच्या मांबेरामो नदीच्या खोऱ्यातला मासा साधारण तटस्थ पाण्यात खुलतो. अडीच इंचांच्या आत राहतो. नर निळ्या चांदीचा, पर लाल. मादीचे पर पिवळसर-नारिंगी. वर सांगितलेला धागेपरांचा इरिआथेरिनाही मऊ पाण्याचा. पण त्याचं तोंड इतकं बारीक की भुकटीसारखं अन्न लागतं, आणि धसमुसळ्या शेजाऱ्यांत तो उपाशी राहतो. त्याला स्वतंत्र, शांत टाकीच हवी.

पाणी तपासताना घरोघरी असलेला टीडीएस मीटर लोक पुढे करतात. हा मीटर पाण्यात विरघळलेले सगळे क्षार एकत्र मोजतो. त्यात मीठही आलं. माशाच्या दृष्टीनं महत्त्वाचे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम किती, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी कठीणपणा आणि सामू मोजणारे थेंबांचे संच मिळतात. एकदा घेतला की वर्षभर पुरतो. मासे घेण्याआधी खर्च करायचा तो यावर.

किती मोठी टाकी

रेनबो हा पोहणारा मासा आहे. उंच, देखण्या टाकीपेक्षा लांब टाकी त्याच्या कामाची. बोसेमानी, लाल रेनबो, लॅकुस्ट्रिस हे चार इंचांच्या घरातले मासे. त्यांना चार फुटी टाकी हवी. चार बाय दीड बाय दीड फुटांच्या टाकीत काठोकाठ सुमारे २५० लिटर पाणी मावतं. काच, वाळू आणि दगड धरून हे वजन पावणेतीनशे-तीनशे किलोंवर जातं. त्यामुळे टाकी लोखंडी स्टँडवर आणि भिंतीलगत ठेवावी. टीव्हीच्या कपाटावर नको. प्रेकॉक्सला तीन फुटी टाकी पुरते. दीड फुटी टाकी आणि टेबलावरच्या काचेच्या गोळ्यात रेनबो ठेवूच नये. त्यात तो वाढत नाही, रंगत नाही आणि घाबरून काचेला धडका देत राहतो.

टाकीला झाकण हवंच. रेनबो दचकला की उडी मारतो. रात्री अचानक दिवा लावला तर हमखास. सकाळी लादीवर वाळलेला मासा सापडण्याचं हे सगळ्यात मोठं कारण.

मागच्या बाजूला आणि कोपऱ्यांत दाट वनस्पती, पुढे पोहायला मोकळं मैदान आणि तळाला काळपट बारीक रेती, ही मांडणी या माशांना शोभते. फिकट रेतीवर मासा फिकट होतो, गडद तळावर रंग गडद होतो. वॅलिसनेरिया जड पाण्यातही वाढते आणि आपल्या तलावांतही ती आढळते. जावा फर्न, जावा मॉसला माती लागत नाही. रेनबो झाडं उपटत नाहीत, फार खातही नाहीत. त्यामुळे वनस्पतींच्या टाकीचे शौकीन त्यांना आवर्जून ठेवतात.

दुकानात उभं राहून

मासा निवडताना घाई करू नये. टाकीसमोर पाच-दहा मिनिटं उभं राहावं. झुंडीत मिसळून पोहणारे, पर ताठ उघडलेले, डोळे स्वच्छ असलेले मासे घ्यावेत. एकटा कोपऱ्यात लटकणारा, पर मिटलेला, पोट खपाटीला गेलेला किंवा पाठीचा कणा वाकलेला मासा त्या टाकीत दिसला, तर त्या टाकीतला एकही मासा घेऊ नये. तोंडाभोवती कापसासारखा पांढरा थर दिसला तरी तेच. दुकानदाराला अन्न टाकायला सांगावं. न खाणारा रेनबो हा आजारी रेनबो.

जोडी द्या, असं म्हणायची आपल्याकडे सवय आहे. रेनबोचं जोडीवर भागत नाही. निदान सहा, जमलं तर आठ घ्यावेत. आठांत तीन नर आणि पाच माद्या हे प्रमाण चांगलं. मादी भोवताली असली की नर एकमेकांसमोर मिरवतात आणि त्या मिरवण्यातच रंग चढतो. पिल्लांत नर-मादी ओळखणं अवघड. दोन इंचांच्या पुढे नराचं अंग रुंद होऊ लागतं, पाठीवरचा दुसरा पर आणि पोटाखालचा पर मागच्या टोकाला निमुळते होतात. मादीचे पर आखूड आणि गोलसर राहतात, अंग सडपातळ. वय वाढलेला नर इतका रुंद होतो की अंगाच्या मानानं डोकं लहान वाटतं.

शेजारी म्हणून डॅनिओ, शांत स्वभावाचे बार्ब, तळाला कोरिडोरस किंवा लोच चालतात. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, अरोवाना यांच्याबरोबर नाहीत. गप्पीसारखे लांब शेपटीचे संथ मासेही नकोत. रेनबो त्यांना मारत नाही, पण अन्नासाठी अशी झडप घालतो की त्यांच्या वाट्याला काही उरत नाही.

रोजचं करायचं

नवी टाकी भरली आणि त्याच संध्याकाळी मासे सोडले, हे आपल्याकडे सर्रास चालतं. माशाच्या विष्ठेतून अमोनिया निघतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन विषारी, तिसरं बऱ्यापैकी निरुपद्रवी. हे जिवाणू फिल्टरमध्ये वस्तीला यायला चार ते सहा आठवडे जातात. तोवर चालू टाकीतला जुना स्पंज मागून आणून नव्या फिल्टरमध्ये ठेवला तर वेळ वाचतो. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही. क्लोरीननं जिवाणू मरतात. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात तो पिळायचा.

दर आठवड्याला पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदलणं ही रेनबो ठेवणाऱ्याची मुख्य कामगिरी. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवण्यासाठी दुकानात ‘अँटी-क्लोरीन’ म्हणून जे मिळतं ते बहुधा सोडियम थायोसल्फेट असतं. स्वस्त आणि परिणामकारक. पाणी काढायला लावलेली नळी तोंडानं ओढायची सवय मात्र सोडावी. त्याचं कारण पुढे येईलच.

तापमान २४ ते २८ अंशांत असावं. मुंबईत आणि कोकणात हीटर बहुधा लागत नाही. नाशिक, पुणे, नागपूरच्या हिवाळ्यात लागतो. साधारण लिटरला एक वॅट हा हिशेब धरावा. विदर्भातला खरा प्रश्न उन्हाळ्याचा. पाणी तापलं की त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो आणि माशाची गरज मात्र वाढते. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला तर बाष्पीभवनानं दोन-तीन अंश उतरतात. जोडीला हवेचा पंप. वीज जाणाऱ्या भागात बॅटरीवर चालणारा पंप घरात असलाच पाहिजे.

अन्नाच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रेनबोचं तोंड मोठं दिसतं, पण घसा अरुंद असतो. मोठे कडक दाणे अडकतात. बारीक दाणे, चुरलेले फ्लेक्स, स्पिरुलिना, उकडून कुस्करलेले मटार, आणि आठवड्यातून एक-दोनदा आर्टेमिया, डॅफ्निया किंवा गच्चीवरच्या स्वच्छ बादलीत वाढलेल्या डासांच्या अळ्या. गटारातून आलेले जिवंत ट्युबिफेक्स टाळावेत. दिवसातून दोनदा थोडं थोडं घालावं आणि आठवड्यातून एक दिवस उपवास घडवावा. खादाडपणात रेनबोला तोड नाही. पोट भरलं तरी तो मागतच राहतो.

या सगळ्या कष्टांचं चीज सकाळी होतं. टाकीवर उजेड पडला की पहिल्या तासाभरात बघावं. लॅकुस्ट्रिसचा थोराड नर मादीच्या पुढ्यात येतो, सगळे पर उघडून तिरपा उभा राहतो आणि अंग थरथरवतो. बघता बघता त्याच्या नाकापासून पाठीवरच्या पहिल्या परापर्यंतचा पट्टा, जो क्षणापूर्वी बाकी अंगासारखाच निळा होता, सोनेरी होऊन उजळतो. दुसरा नर जवळ आला की तोही आपला पट्टा पेटवतो. दोघं अंगाला अंग लावून गोल गोल फिरतात, क्वचितच चावतात. मादी झाडीत शिरली की हा तिच्या मागे जातो. मिनिटभरात पट्टा विझलेला असतो. हे रंगकाम दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली, दाटीवाटीत कधीच दिसत नाही.

दुखणी

रेनबो काटक आहे. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग वेळेवर ओळखला तर औषधानं आणि तापमान थोडं वाढवून बरा होतो. काळजी करायची ती मायकोबॅक्टेरियमची. क्षयाच्या जंतूंच्या जातकुळीतले या जंतूंचा संसर्ग अनेक माशांना होतो, पण रेनबो त्यांना विशेष बळी पडतात. मासा खातो पण वाळत जातो, कणा वाकतो, अंगावर न भरणाऱ्या जखमा होतात. भरवशाचा इलाज नाही. असा मासा वेगळा काढावा आणि त्या टाकीतली जाळी दुसऱ्या टाकीत घालू नये. यातले काही जंतू हातावरच्या जखमेतून माणसाच्या कातडीतही शिरतात आणि महिनोन्महिने न भरणारी गाठ होते. हाताला कापलं असेल तर हातमोजे घालूनच टाकीत हात घालावा. तोंडानं नळी ओढणं बंद करायचं तेही यासाठीच. अशी गाठ दिसली तर डॉक्टरांना घरात माशांची टाकी असल्याचं आवर्जून सांगावं, कारण त्यांना सहसा तो प्रश्न सुचत नाही.

नवे मासे थेट मोठ्या टाकीत न सोडता तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावेत, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. पाळणारे थोडे.

एका टाकीत दोन घराणी

रेनबो रोज अंडी घालतात. पन्नास-शंभर एकदम नाही, तर दररोज थोडी थोडी, मॉसमध्ये किंवा बारीक पानांत. अंडं जेमतेम मिलिमीटरभर, काचेसारखं पारदर्शक, त्याला चिकट धागे. घरी पैदास करणारे त्यासाठी ॲक्रिलिक लोकरीचा झुपका टाकीत सोडतात. सकाळी झुपका उजेडात धरून बोटांनी धागे वेगळे केले की अंडी दिसतात. ती टणक असतात, चिमटीत धरून उचलता येतात. आठ-दहा दिवसांत पिल्लं निघतात आणि पाण्याच्या अगदी वरच्या थरात तरंगतात. त्यांच्या तोंडात आर्टेमियाची पिल्लंही सुरुवातीला मावत नाहीत. पहिला आठवडा हिरवं पाणी आणि इन्फ्युसोरियावर काढावा लागतो. वाढ संथ. रेनबो बाजारात मोठा होऊन येत नाही, त्याचं उत्तर इथे आहे : मोठा करायला जागा, पाणी आणि वर्षभराचा खुराक लागतो. ते सगळं कमी भावात विकणाऱ्याला परवडत नाही.

पैदाशीचा खरा धोका वेगळाच आहे. एकाच प्रजातीगटातले रेनबो शेजारी ठेवले की त्यांचा संकर सहज होतो. आयामारूचा नर आणि कुटुबूची मादी निसर्गात कधी भेटली नसती. आपल्या टाकीत भेटतात, आणि त्यांची पिल्लं तगतातही. दिसायला ती कुणासारखीच धड नसतात. माद्या तर सगळ्याच जातींच्या इतक्या सारख्या दिसतात की मालकालाही घोळ कळत नाही. ही पिल्लं कुणीतरी ‘बोसेमानी’ म्हणून दुकानाला देतो, दुकान पुढे विकतं, आणि दोन-तीन पिढ्यांत नाव राहतं, मासा राहत नाही. एक टाकी, एक मेलानोटेनिया हा नियम म्हणूनच शौकिनांनी स्वतःवर घालून घेतला. दोन प्रकार हवेच असतील तर एक बोसेमानी आणि दुसरा दूरच्या गटातला, किंवा सरळ वेगळ्या कुळातला घ्यावा. आणि मिश्र टाकीत निघालेलं पिल्लू दुकानाला देऊ नये.

तलाव रिकामा झाला तेव्हा

शुद्ध वंशाचा हा आग्रह सोवळेपणाचा वाटेल. तो का धरायचा, हे ऑस्ट्रेलियातल्या दोन घटनांवरून कळतं.

क्वीन्सलँडच्या ॲथर्टन पठारावर इचम नावाचा ज्वालामुखीच्या मुखात तयार झालेला तलाव आहे. तिथल्या रेनबोचं वर्णन १९८२ साली झालं, नाव मेलानोटेनिया इचमेन्सिस. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९८७च्या सुमारास, तलावात शोधूनही तो मिळेना. कुणीतरी दुसऱ्या पाण्यातले शिकारी मासे त्यात आणून सोडले होते. तेही परदेशी नव्हेत, क्वीन्सलँडच्याच नद्यांतले. पण या तलावात तोवर शिकारी नव्हते आणि तिथल्या रेनबोला पळायचं ठाऊक नव्हतं. जात संपली असं मानलं गेलं. शिल्लक होती ती काही हौशी माणसांच्या घरच्या टाक्यांत. त्यांनी ती इतर रेनबोंपासून वेगळी ठेवली होती म्हणूनच ती इचमची होती. तलावात मासे परत सोडून पाहिले, पण शिकारी तिथेच असल्यानं ते टिकले नाहीत. पुढे आनुवंशिक तपासण्यांतून पठारावरच्या आसपासच्या काही ओढ्यांत हीच जात असल्याचं लक्षात आलं. इचम तलावातला वंश मात्र टाक्यांतच उरला.

दुसरी घटना अलीकडची. क्वीन्सलँडमधल्याच रनिंग रिव्हर नावाच्या नदीतला रेनबो धबधब्यांमधल्या एका घळीपुरताच उरला होता. वरच्या अंगाला कुणीतरी दुसऱ्या जातीचा रेनबो सोडला. इथे मूळ माशाला कुणी खाल्लं नाही. संकरात तो विरघळून जाण्याची वेळ आली. कॅनबेरा विद्यापीठातले पीटर अनमॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शुद्ध मासे वेगळे काढून त्यांची पैदास केली आणि ते जवळच्या दोन निर्धोक ओढ्यांत सोडले. हौशी मत्स्यपालकांनी या कामाला पैसाही उभा करून दिला.

बोसेमानीचा इतिहास याच्या उलट दिशेनं सुरू झाला. १९८९च्या सुमारास आयामारूतून महिन्याला साठ हजारांच्या घरात नर बाजारासाठी पकडले जात होते. फक्त नर, कारण रंग त्यांचा. आज ही जात संकटग्रस्त म्हणून नोंदली गेली आहे. दुकानात येणारे मासे आता बहुतेक शेततळ्यांत वाढवलेले असतात. त्यानं तलावावरचा ताण हलका झाला, पण मूळ गावाशी नातंही तुटलं. कुठल्या पिढीत कुठलं रक्त मिसळलं याची नोंद कुणाकडे नाही.

हे सगळं लांबच्या बेटांवर घडलं म्हणून आपण निर्धास्त राहू नये. सह्याद्रीच्या दक्षिण भागातला ‘मिस केरला’ किंवा डेनिसन बार्ब हा लाल-काळ्या पट्ट्यांचा मासा याच रीतीनं ओढ्यांतून उपसला गेला आणि संकटग्रस्त ठरला. त्याच्या शास्त्रीय नावातच आपला डोंगर आहे, सह्याद्रिया. आणि उजनीच्या जाळ्यात आता सकर मासे सापडतात. दक्षिण अमेरिकेतले हे मासे कुठल्या तरी टाकीची काच साफ करायला आणलेले होते. टाकीत मावेनासे झाले आणि कुणीतरी दयेपोटी नदीत सोडले. इचमचा तलाव रिकामा करणारी माणसंही बहुधा अशीच असणार. त्यांना माशाचं वाईट करायचं नव्हतं.

तेव्हा या दिवाळीत घरात टाकी येणार असेल तर दुकानात रंग बघण्याआधी चार गोष्टी कराव्यात. घरच्या पाण्याचा सामू आणि कठीणपणा मोजावा. त्या पाण्याला साजेशी एकच जात ठरवावी आणि तिचे सहा-आठ मासे एकाच ठिकाणाहून घ्यावेत. दुकानदाराला त्यांचं शास्त्रीय नाव आणि ते कुठून आले हे विचारावं. उत्तर मिळालं नाही तरी विचारावं, कारण चार गिऱ्हाइकांनी विचारलं की पाचव्याला उत्तर देण्यासाठी दुकानदार पुरवठादाराला विचारतो. आणि कधी टाकी मोडावी लागली तर मासे दुसऱ्या हौशी माणसाला द्यावेत, दुकानात परत करावेत, पण नदीत, विहिरीत, तलावात एकही सोडू नये. एवढं पाळता येत नसेल तर रेनबो आणू नये. पाळता येत असेल तर बोसेमानीसारखा मासा नाही. पहिलं वर्ष पाहुणे विचारतील, हे पांढरे मासे कशाला ठेवलेत. दुसऱ्या वर्षी ते दुकानाचा पत्ता विचारतील.